नागपूरकडचा पहिला उन्हाळा: घरखर्च आटोक्यात कसा ठेवायचा

बदली होऊन, लग्न करून किंवा शिकायला म्हणून विदर्भात आलेल्या माणसाला फेब्रुवारीत इथली हवा फार आवडते. सकाळी गारवा, दुपारी कोवळं ऊन. मग मार्च उलटतो, पारा चाळिशी गाठतो आणि घरातला पैसा चारी बाजूंनी वाहायला लागतो. विजेचं बिल, कूलर, पाणी, महाग भाजी, आंबे, सुट्टीतला प्रवास आणि शेवटी जूनमध्ये शाळेचा खर्च. मी पुण्याहून इथे आले तेव्हा पहिल्या मे महिन्याच्या बिलावर 480 युनिटं होती. त्याआधी कधीही आमचं बिल दीडशेच्या वर गेलं नव्हतं. त्यानंतरची काही वर्षं सासूबाईंकडून, शेजारच्या काकूंकडून आणि बऱ्याचशा चुकांमधून जे शिकले, ते क्रमाने लिहिते आहे. नागपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असलं, तरी वीज आणि साठवणीचा भाग जळगाव, नांदेड, सोलापूर कुठेही लागू पडेल. मुंबई-कोकणातल्यांनी कूलरचा भाग सोडून द्यावा. तिथल्या दमट हवेत कूलर काम करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. उन्हाळ्यातला खर्च मे महिन्यात कमी करता येत नाही. तोवर सगळे भाव चढलेले असतात आणि उकाड्याने आपली विचार करायची ताकदही संपलेली असते. जे काही करायचं ते होळीच्या आसपास करायचं.

पहिली पायरी: विजेचं बिल समोर घेऊन बसा

बिलावरचा एकच आकडा पाहून ते बाजूला ठेवू नका. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 0 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे. दुसऱ्या टप्प्यात युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, तिसऱ्यात आणखी चढतो. पुष्कळांना वाटतं की 301 वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांनाच लागतो. म्हणूनच बचतीचा हिशेब सोपा आहे. तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं. 350 युनिटांच्या घरात 50 युनिटं वाचली तर ती अख्खी तिसऱ्या टप्प्यातली असतात.

युनिटांच्या पैशांवर स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा) आणि 16 टक्के वीज शुल्क बसतं. स्थिर आकार सोडला, तर बाकी सगळं वापराबरोबर वाढतं.

आता घरातल्या वस्तूंचा हिशेब मांडा. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट.

साधा छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास असतो. रोज 15 तास चालला तर सव्वा युनिटाला थोडं कमी. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा 30 वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे तेवढ्याच वेळात अर्ध्या युनिटाहूनही कमी. पंप धरून 200 वॉटचा कूलर रोज 12 तास चालला तर 2.4 युनिटं, महिन्याला 72. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर घर, मॉडेल आणि तापमानाप्रमाणे आठ-दहा युनिटं सहज घेतो, म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे. हे चार आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. कुठे हात घालायचा ते त्यावरून आपोआप कळतं. मोबाइलचा चार्जर काढा, टीव्हीचं बटण बंद करा या सूचना चुकीच्या नाहीत, पण उन्हाळ्याचं बिल त्याने हलत नाही. ते हलतं कूलर, एसी, पंखे आणि फ्रिज या चौघांनी.

बिलाबद्दल आणखी तीन गोष्टी. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर थोडी सूट असते, ती कमी रक्कम बिलावरच छापलेली असते. छापील बिल नको, ई-मेलवर चालेल असं कळवलं की ‘गो-ग्रीन’खाली वर्षाला 120 रुपये सुटतात. आणि तिसरी, जी कोणी सांगत नाही: एप्रिल-मेच्या सुमारास सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं. गेल्या वर्षीचा वापर वाढला असेल तर वाढीव ठेव मागतात. हे बिल चुकून आलेलं नसतं, दंडही नसतो. ही रक्कम तुमच्याच नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं. पण ऐन उन्हाळ्यात ती अंगावर येते, म्हणून हजार-दीड हजार आधीच बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: ऊन घरात शिरण्याआधी अडवा

या पायरीला सगळ्यांत कमी पैसे लागतात आणि फायदा सगळ्यांत जास्त होतो, तरी नवे लोक नेमकी हीच गाळतात. कूलर किंवा एसी घरात आलेली उष्णता बाहेर काढतो. ती आलीच नाही तर काढायचं काय?

वरच्या मजल्यावर राहत असाल तर घरमालकाशी बोलून मार्चमध्येच गच्चीला चुना मारून घ्या. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा फेविकॉलसारखा डिंक घालायचा म्हणजे तो लगेच सुटून येत नाही. झाडूने किंवा ब्रशने दोन हात. गच्ची आधी स्वच्छ झाडून धुवायला हवी, नाहीतर चुना धुळीवर बसतो आणि पोपडे निघतात. पांढरा रंग ऊन परत फेकतो एवढंच यामागचं शास्त्र. रात्री दहा-अकरापर्यंत स्लॅबमधून जी धग खाली येत राहते ती कमी होते, आणि झोपेच्या वेळी कूलर किती ओढायचा ते त्या धगीवरच ठरतं.

पश्चिमेच्या खिडक्यांना पडदा आतून नाही, बाहेरून लावा. काचेतून ऊन आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरून हिरवी जाळी, बांबूची चटई, जुनं गोणपाट, काहीही चालेल. आमच्याकडे दोन गोणपाटं शिवून टांगलेली असतात आणि दुपारी त्यांच्यावर एकदा पाणी मारतो.

मग रोजची शिस्त. पहाटे पाच-साडेपाचला सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, साडेआठच्या आत बंद करायच्या, सूर्य मावळून बाहेरची हवा उतरली की परत उघडायच्या. पुण्या-मुंबईकडून आलेल्या माणसाला दुपारी खिडकी बंद करणं जिवावर येतं. हवा येऊ दे, असं वाटतं. पण इथे दुपारी बाहेर असते ती लू, भाजून काढणारी गरम हवा. ती आत घेऊ नका.

तिसरी पायरी: कूलर

विदर्भात ‘कूलर लावणे’ हे वर्षातलं एक काम आहे, दिवाळीच्या साफसफाईसारखं. होळी झाली की घरोघरी ते सुरू होतं.

विकत घ्यायचा असेल तर फेब्रुवारीत घ्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात गेलात तर मिळेल तो, सांगतील त्या भावात घ्यावा लागतो. मी तेच केलं होतं. घाईत पातळ पत्र्याचा कूलर घेतला आणि तिसऱ्या वर्षी त्याची टाकी गळायला लागली. लोखंडी कूलर घेतल्यास टाकीला आतून डांबर मारून घ्या आणि दर दोन वर्षांनी परत मारा, म्हणजे गंज धरत नाही. वर्ष-दोन वर्षंच इथे राहणार असाल तर भाड्याने मिळणारा कूलर स्वस्त पडतो का, ते आधी पाहा.

तोच कूलर एका घरात गारेगार करतो आणि दुसऱ्या घरात नुसता चिकचिकाट. फरक मांडणीचा असतो. कूलर बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंच्या गवत भरलेल्या चौकटींतून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि हवा थंड होते. म्हणजे कूलर खिडकीच्या बाहेर, सावलीत हवा. भोवतीची फट प्लाय किंवा पुठ्ठ्याने बुजवायची. आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवायची, कारण आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. बंद खोलीत ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो. थोड्या वेळाने अंग चिकट होतं आणि लोक म्हणतात, कूलरने भागत नाही, एसी घेऊ. अर्धे एसी या एका चुकीमुळे घेतले जातात असं माझं प्रामाणिक मत आहे.

ताट्यांचं गवत दर वर्षी बदला. ते महाग नसतं, आणि जुन्या गवतावर क्षारांचा थर बसून हवा अडते. वाळ्याची ताटी लावली तर घरभर वास दरवळतो, पण ती महाग असते. आम्ही एकाच बाजूला वाळा लावतो, बाकी दोन बाजूंना साधं गवत. आरओचं टाकाऊ पाणी कूलरमध्ये ओतू नका. त्यात क्षार जास्त असतात, ताट्या आणि पंप लवकर खराब होतात. ते पाणी फरशी पुसायला, अंगणात मारायला वापरा.

आणि हे नीट वाचा. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असला पाहिजे. बटण बंद केलं एवढं पुरेसं नाही. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग, घराला आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). ओल्या हाताने, अनवाणी, चालू कूलरला हात लावून दर उन्हाळ्यात या भागात माणसं आणि मुलं जातात. या खर्चात काटकसर करू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा, नाहीतर डेंगीचे डास तिथेच वाढतात.

एसी असेलच तर तो 26-27 वर ठेवा आणि पंखा सोबत लावा. तापमान एक अंशाने वाढवलं की वीज सहा टक्क्यांच्या आसपास वाचते, असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. 18 वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. घरी लहान बाळ किंवा म्हातारी माणसं असतील तर मात्र बिलाकडे पाहून कूलर-एसी बंद करू नका. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे 25 मेच्या पुढच्या नऊ दिवसांत, रात्रीही घर निवत नाही. सुस्ती, गोंधळलेलं बोलणं, तापलेलं अंग दिसलं तर सावलीत नेऊन अंग ओलं करा आणि 108 ला फोन लावा.

चौथी पायरी: माठ

फ्रिज सतत उघडला जातो तो पाण्याच्या बाटलीसाठी. माठ घेतला की ते बंद होतं. माठ आतून-बाहेरून नुसत्या पाण्याने धुवा, एक दिवस पाणी भरून ठेवा, ते फेकून द्या, मग वापरा. साबण नको, माती तो शोषते. ऑइलपेंट मारलेला रंगीत माठ घेऊ नका. माठ थंड राहतो तो पाझरण्यामुळे आणि रंगाने ती छिद्रंच बुजतात. ओल्या वाळूवर, वारा लागेल अशा कोपऱ्यात ठेवा, भोवती ओलं सुती फडकं गुंडाळा. वाळ्याची जुडी आत टाकली तर फारच छान. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर पाणी पूर्वीसारखं थंड होत नाही, कारण क्षारांनी छिद्रं भरतात. तेव्हा नवा आणा, जुन्यात तुळस लावा.

पाचवी पायरी: साठवण

मार्च ते मे हे तीन महिने वर्षभराची खरेदी करायचे आहेत. गहू निघालेला असतो, तूर आधीच बाजारात आलेली असते, मिरची, हळद, चिंच, लसूण, उन्हाळी कांदा सगळं ताजं आणि मुबलक असतं. पावसाळ्यात हेच सगळं महाग मिळतं. नागपुरात घाऊक बाजार म्हणजे कळमना आणि इतवारी. एकट्याने जाऊन काही परवडत नाही. इमारतीतल्या चार-पाच घरांनी मिळून जा, पोतं फोडून वाटून घ्या. गावाकडे कुणाची शेती असेल तर त्याहून चांगलं. शेतकऱ्याला बाजारापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात, आपल्याला दुकानापेक्षा कमी पडतात.

किती घ्यायचं? दोन्ही वेळा पोळ्या करणाऱ्या दोघांच्या घराला वर्षाला क्विंटलभर गहू लागतो. पण पहिल्याच वर्षी क्विंटल घेऊ नका. भाड्याचं घर, जागा कमी, सवय नाही. दिवाळीपर्यंतचा, म्हणजे 50 किलो घ्या. तूरडाळ 10 किलो, लाल मिरची 2-3 किलो. साठवण टिकवता येते की नाही ते आधी कळू दे.

टिकवणं असं. गव्हाचा दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. नाही वाजला तर ओलावा आहे. दोन-तीन कडक उन्हं दाखवा. उन्हातून उचलून गरम गहू थेट कोठीत भरू नका, आत घाम सुटतो आणि सोंडे होतात. रात्रभर पसरून निवू द्या, सकाळी भरा. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मधेमधे थरांनी घाला. तूरडाळीला किलोला चहाचा चमचाभर एरंडेल चोळा. पावसाळ्यात कोठीत ओला हात नाही, ओली वाटी नाही.

मिरचीत इकडची भिवापुरी तिखटाला चांगली, रंगासाठी थोडी बेडगी मिसळा. देठं घरी खुडा, कडक वाळवा आणि कांडपावर समोर उभं राहून कुटून आणा. बरणीत हिंगाचे दोन खडे टाकले की तिखटाला जाळी धरत नाही.

कांदा घेताना तो उन्हाळीच आहे ना, ते विचारा. पावसाळी कांदा टिकत नाही. मान बारीक आणि वाळलेली, सालं घट्ट, असा कांदा मेमध्ये 20-25 किलो घ्या. बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, वारा लागेल तिथे पसरून ठेवा. बटाट्याजवळ ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. आठवड्याला एकदा हात फिरवून नासका काढा. एवढं केलंत तर गणपतीपर्यंत कांद्याच्या भावाची बातमी आपल्याला नुसती ऐकायची असते.

आणि वाळवण. कुरडया, पापड, सांडगे, मुगवड्या, सांडगी मिरच्या. हे एकटीने करायचं काम नाही, आणि एकटीने केलं तर जीव जातो. शेजारणींना धरा. एक दिवस तुमच्या गच्चीवर, एक दिवस त्यांच्या. नव्या शहरात माणसं जोडायला माझ्या मते याहून चांगली जागा नाही. मला इथल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी कुरडईच्या चिकाच्या पातेल्याभोवतीच मिळाल्या. वाळवणाचा पैशात उपयोग जुलै-ऑगस्टमध्ये कळतो, जेव्हा भाजी परवडत नाही आणि डब्यात मुगवड्या असतात.

सहावी पायरी: रोजचं ताट आणि आंबे

मे महिन्यात पालेभाजी आणि कोथिंबिरीच्या मागे लागू नका. पाणी नसतं, म्हणून ती महाग आणि कोमेजलेली मिळते. त्या दिवसांत ढेमसं, कोहळं, दुधी, काकडी आणि चिवळ पाहा. चिवळ नवख्यांना माहीत नसते. बारीक पानांची, उन्हाळ्यातच येणारी भाजी, डाळ किंवा तांदळाची कणी घालून करतात. आठवड्यातून तीन दिवस पिठलं, पाटवडी, मोड आलेली मटकी, कढी-गोळे केले तर कोणाची तक्रार नसते. डाळी-कडधान्यं भिजवून कुकरला लावली की गॅस वाचतो, आणि सकाळी आठच्या आत स्वयंपाक उरकला की स्वयंपाकघर दिवसभर तापत नाही.

लिंबाला उन्हाळ्यात मागणी फार आणि फळ कमी, त्यामुळे एकेक लिंबू मोजून घ्यावं लागतं. पुढच्या वर्षी जानेवारीत लिंबाचा पाक करून ठेवा. या वर्षी कैरीचं पन्हं, चिंचेचं सार, ताक, ज्वारीची आंबील. कैऱ्या उकडून, गर काढून, त्यात दीडपट-दुप्पट गूळ, मीठ आणि वेलची घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवा. पेला भरायला दोन चमचे पुरतात. मुलांना दारावरच्या बाटलीबंद पेयांची आठवण राहत नाही.

आंब्याचं थोडं मनाविरुद्ध सांगते. मी हापूसवर वाढले, पण नागपुरात मार्चमध्ये हापूसची पेटी घेणं म्हणजे प्रवासाचं भाडं खाणं. इथे आंध्र-तेलंगणातून बैंगनपल्ली येतो, मेमध्ये मुबलक असतो आणि खायला उत्तम. रसासाठी त्यात गावरानी आंबे मिसळा. हापूस हवाच असेल तर अक्षय्य तृतीयेची गर्दी ओसरल्यावर घ्या. कडक, पाडाला आलेले आंबे आणून घरी तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात पिकवा, स्वस्तही पडतात आणि कार्बाइडची भीतीही नाही.

सातवी पायरी: सुट्टी आणि जून

माहेरी, गावी जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या गाडीसाठी मार्चमध्येच जागं राहायचं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि 75 च्या पुढे मोफत. आजी-आजोबांचं ओळखपत्र सोबत असू द्या. सगळं घर निघालं की एसटी आणि खासगी बसच्या भाड्यांतला फरक डोळ्यांत भरतो. घर बंद करून जाताना फ्रिज रिकामा करून बंद करा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तो आठवडा-दीड आठवडा कामाचा आहे. वह्या घाऊक दुकानातून डझनाने घ्या, वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं विचारा, गणवेशाची लांबी उसवून पाहा.

शेवटची पायरी मृगाची. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तसाच भरलेला सोडू नका. पाणी काढा, ताट्या सोडवून गवत फेका, टाकी घासून एक दिवस उन्हात वाळवा, पंप काढून कापडात गुंडाळून ठेवा, मोटारीला तेलाचे दोन थेंब द्या आणि वरून जुनी चादर बांधा. तासाभराचं काम आहे. जूनमध्ये हे केलं, तर पुढच्या होळीला फक्त गवत विकत आणावं लागतं.